गावाजवळची रणभूमी जपायची असेल तर

किल्ला कितीही ढासळला तरी तटाचा एखादा बुरूज उभा राहतो, दरवाजाची कमान उरते. लढाईचं मैदान मात्र एका उन्हाळ्यात नाहीसं होऊ शकतं. जेसीबी येतो, टेकाड कापून मुरूम नेतो, ओढा बुजवून प्लॉट पाडले जातात आणि इथे फौजा कशा भिडल्या हे समजून घ्यायला पुढच्या पिढीकडे काहीच राहत नाही.

महाराष्ट्रात गडकोटांसाठी राबणारी मंडळं पुष्कळ आहेत. दर रविवारी टाक्यातला गाळ काढणारी, झाडोरा तोडणारी पोरं बघितली की ऊर भरून येतो. रणभूमीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, कारण तिथे डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं. शेतं, नाला, बांध, एखादं बाभळीचं झाड, एवढंच. पण तो नाला आणि ती शेताची उतरण हाच तिथला खरा अवशेष आहे. लढाईचा निकाल बहुतेक वेळा जमिनीने ठरवलेला असतो. तेव्हा रणभूमी जपणं म्हणजे जमिनीचा आकार जपणं, हे एकदा मनात पक्कं केलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

हा लेख या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी आहे. शिक्षक, ट्रेकर, कॉलेजची मुलं, गावातलेच कुणी. उदाहरणासाठी मी मुख्यतः असईचं मैदान घेतो. जालना जिल्ह्यात हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी गाठ पडली.

पहिली पायरी : एकच लढाई घ्या आणि गाव नक्की करा

सुरुवातीलाच दहा रणभूमींची यादी करू नका. घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशी एक निवडा, आणि तिथली जमीन अजून मोकळी आहे ना ते पाहा. खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ची. गणेशखिंडीपासून खडकीपर्यंतच्या त्या मैदानावर आज विद्यापीठ, रस्ते, वसाहती आहेत. तिथे मराठी घोडदळाची दौड ज्या दलदलीत अडली ती जागा आता डोळ्यांनी वाचता येत नाही. अशा ठिकाणी माहितीफलक लावता येतो, लोकांना फिरवून आणता येतं, पण जमीन वाचवायची वेळ निघून गेलेली आहे. म्हणून नवख्याने आपली ताकद अजून उघड्या असलेल्या मैदानावर लावावी. असई, खर्डा, पालखेड, राक्षसभुवन, अडगाव ही त्यातली काही नावं.

गावाच्या नावाने फसगत होते, ती टाळा. पालखेड म्हटलं की अनेकांना नाशिक जिल्ह्यातलं धरणाचं पालखेड आठवतं. बाजीरावांनी 1728 च्या फेब्रुवारीत निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड वैजापूर तालुक्यातलं. एकाच नावाची दोन-तीन गावं, त्यात पुन्हा बुद्रुक आणि खुर्द. तालुका आणि नदी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी : कागद वाचा, पण जमिनीसाठी वाचा

लढाईची गोष्ट आपण नेहमी शूर कोण, फितूर कोण यासाठी वाचतो. इथे वेगळं वाचायचं आहे. वही घ्या आणि मजकुरात नदी, नाला, टेकडी, वाट, विहीर, झाड, गावकूस, पिकं, चिखल यांचा उल्लेख आला की तेवढाच उतरवून घ्या. कुठल्या कागदात, कुणी लिहिलं, लढाईनंतर किती दिवसांनी लिहिलं, हेही बाजूला लिहा.

असईचं घ्या. मराठी फौजेचा तळ केळणा नदीच्या उत्तर काठाने लांबवर पसरला होता आणि तिची तोंडं दक्षिणेला, नदीकडे होती. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास नदीला उतार, म्हणजे फौज ओलांडू शकेल अशी उथळ जागा, नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपळगाव आणि वारूर अशी येतात. समोरासमोरच्या दोन गावांत येणंजाणं असणारच, म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला आणि तो खरा निघाला. फौज तिथून पलीकडे गेली ती केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, मराठी फौजेच्या डाव्या अंगाला. शिंद्यांची कवायती, म्हणजे युरोपी पद्धतीने शिकवलेली पलटणं पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती. त्यांनी भर लढाईत तोंड फिरवून पूर्वेकडे नवी फळी धरली, एक टोक केळणेला आणि दुसरं असई गावाला. वेलस्लीचा अंदाज होता की त्यांना इतक्या झटपट वळता येणार नाही. ते वळले. असई गावाजवळच्या तोफांनी इंग्रजांच्या 74 व्या पलटणीची दाणादाण उडवली. शेवटी मैदान इंग्रजांच्या हाती राहिलं, 98 तोफा त्यांनी घेतल्या, पण त्यांचेही मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले.

आता यातल्या जागा मोजा : नदीचा उतार, समोरासमोरची दोन गावं, दोन नद्यांचं बेचकं, असईचं गावकूस, जुईचा काठ. जपायच्या गोष्टींची यादी इथेच तयार झाली. यात पुतळा कुठेही नाही.

कागद कुठे मिळतील? जिल्ह्याचं गॅझेटिअर हा पहिला मुक्काम, ते ऑनलाइनही वाचता येतं. पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. मोडी येत नसेल तर आधी छापलेले कागद वाचा, तेच पुष्कळ आहेत. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, पुढेमागे जरूर करा. बखर आणि पोवाडा बाजूला टाकू नका, पण त्यातले फौजेचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्यातली गावांची आणि वाटांची नावं मात्र अनेकदा फार उपयोगी पडतात.

तारखांकडे लक्ष द्या. इंग्रजांनी 1752 साली पंचांग बदललं. त्याआधीच्या त्यांच्या पत्रांतली तारीख सतराव्या शतकात 10 दिवसांनी आणि 1700 नंतर 11 दिवसांनी मागे असते. एकाच लढाईच्या दोन तारखा दिसल्या तर कुणी खोटं लिहिलं असं लगेच समजू नका.

तिसरी पायरी : तीन नकाशे शेजारी ठेवा

सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा ओपन सिरीज नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणारा गावनकाशा आणि मोबाइलवरचं उपग्रहचित्र. पहिल्यावर चढउतार आणि नाले दिसतात, दुसऱ्यावर गट नंबर आणि शिवाराच्या हद्दी, तिसऱ्यावर आजची घरं, विहिरी, शेततळी. पारदर्शक कागद घेऊन वहीतल्या जागा तिन्हीवर जुळवा. जी जागा खात्रीची ती भरीव रेघेने आणि जी अंदाजाची ती तुटक रेघेने दाखवा. हा फरक शेवटपर्यंत सांभाळा. आज तुम्ही अंदाजाने काढलेली रेघ दहा वर्षांनी कुणीतरी पुरावा म्हणून दाखवणार आहे.

रणभूमी म्हणजे फक्त प्रत्यक्ष भिडण्याची जागा नव्हे. तळ कुठे होता, फौज कुठल्या वाटेने आली, हरलेली बाजू कुठून निघाली, जखमींना कुठे नेलं, हे सगळं तिच्यातच येतं. तळेगाव आणि वडगाव मावळचं उदाहरण बोलकं आहे. जानेवारी 1779 मध्ये माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या आणि पुढे वडगावला त्यांना तह करावा लागला. म्हणजे ते तळंही रणभूमीच.

चौथी पायरी : पायी जा, आणि योग्य वेळी जा

एकदा एप्रिल-मेमध्ये जा. रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं, जमिनीची चढउतार स्वच्छ दिसते. ज्वारी उभी असताना समोरचा नालासुद्धा दिसत नाही. आणि एकदा लढाई ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात जा. असईला सप्टेंबरात गेलात तर नदीला पाणी असतं, काळ्या रानात पाय रुतत असतो. तोफा ओढणाऱ्या बैलांचे काय हाल झाले असतील ते तेव्हाच कळतं.

जुना उतार कसा ओळखायचा? काठ एकदम तुटलेला नसतो, दोन्ही बाजूंना सावकाश उतरत येतो. पात्र तिथे पसरट होतं, पाणी पसरून उथळ वाहतं, तळाला चिखलाऐवजी गोटे किंवा खडक लागतो. गुरांची वाट बहुधा आजही तिथूनच जाते. काठावर एखादा मारुती, म्हसोबा किंवा आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात. अशा ठिकाणी उभं राहून समोरचं गाव दिसतं का ते पाहा. मग खाली बसा आणि पुन्हा पाहा. घोड्यावरच्या माणसाला जे दिसतं ते पायदळाच्या माणसाला दिसत नाही, आणि लढाया कैकदा एवढ्या फरकाने फिरतात.

प्रत्येक महत्त्वाच्या जागेवर एक ठाणं ठरवा. त्या ठाण्यावरून आठही दिशांना फोटो घ्या, जीपीएसचे आकडे लिहा, तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच ठाण्यावरून तेच आठ फोटो. दोन-तीन वर्षांत काय बदललं हे कुणालाही वाद न घालता दाखवता येतं. माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक हत्यार हेच आहे.

पाचवी पायरी : शेतकऱ्याशी बोला, आधी आणि नीट

हे कुणाचं तरी रान आहे. न विचारता बांध ओलांडू नका, पेरणी-काढणीच्या दिवसांत कुणाला अडवून गप्पा मारू नका. आधी सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी यांना भेटा. मग पारावर बसा. “आजोबा, या रानाला काय म्हणतात?” हा प्रश्न सोन्यासारखा आहे. प्रत्येक वावराला नाव असतं आणि ते सातबाऱ्यावर नसतं. तोफ, छावणी, रण, निशाण, मोर्चा असे शब्द असलेलं नाव मिळालं की ते कुणी सांगितलं, त्यांचं वय काय, ते नाव आणखी किती जणांना माहीत आहे हे टिपून घ्या. बायकांना वेगळं विचारा. जात्यावरच्या ओव्यांत आणि पाणवठ्याच्या गोष्टींत पुरुषांना ठाऊक नसलेली नावं सापडतात.

शेतकऱ्याच्या मनात पहिली भीती एकच असते : “दादा, जमीन सरकार घेणार का?” तिला टोलवू नका. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचं बंधन असतं, हे लोकांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. तुम्ही काय मागणार आहात, काय मागणार नाही, ते स्पष्ट सांगा. नांगर चालू राहिला तर रणभूमीला धोका कमीच असतो. दोनशे वर्षं असईचं मैदान राखलं ते कुठल्या खात्याने नाही, तिथल्या कुणब्याने राखलं. मुरमाची खाण, वाळूउपसा आणि बिगरशेती प्लॉट हे खरे शत्रू आहेत, आणि त्यांचा त्रास शेतकऱ्यालाही असतोच. इथे तुमची आणि त्याची बाजू एक होते.

सहावी पायरी : सापडलेल्या वस्तूला हात लावू नका

मेटल डिटेक्टर घेऊन रानात फिरणं आणि उकरणं पूर्ण बंद. गोळी, गोळा, नाणं यांचं मोल ते नेमकं कुठे पडलं होतं यात असतं. शेकडो गोळ्या एका ओळीत सापडल्या तर फळी कुठे होती ते कळतं, त्याच गोळ्या घरच्या डब्यात गेल्या की नुसतं शिसं उरतं. नांगरताना काही वर आलंच तर जागेवर फोटो, शेजारी मोजपट्टी, गट नंबर, आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवणं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची चीज सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तोफगोळा पोकळ वाटला तर त्यावर ठोकू नका, तापवू नका. आत दारू असू शकते. आणि सापडल्याची जागा सोशल मीडियावर टाकू नका. गुप्तधनाच्या नादाने रात्री खणणाऱ्यांना तेवढं पुरतं.

वीरगळीबद्दल, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेबद्दल सांगायलाच हवं. गावाबाहेर उभा दगड असतो, त्यावर चौकटी कोरलेल्या असतात. खाली पडलेला वीर, कधी बाजूला गाई, मध्ये झुंज किंवा अप्सरा त्याला नेताहेत, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. नवखे लोक ती वीरगळ लगेच मराठेशाहीतल्या लढाईला जोडतात. आपल्याकडच्या पुष्कळ वीरगळी त्याआधीच्या, यादव-शिलाहार काळातल्या आहेत. लेख नसेल तर नाव देऊ नका. तिला ऑइलपेंट फासू नका, सिमेंटच्या चौथऱ्यात गाडू नका, जागेवरून हलवू नका. कोरडा मऊ ब्रश आणि फोटो, एवढंच तुमचं काम.

सातवी पायरी : ग्रामसभेचा ठराव

इंग्लंडमध्ये 1995 पासून रणभूमींची वेगळी सरकारी नोंदवही आहे. आपल्या कायद्यांत रणभूमी असा वेगळा वर्ग नाही. 1958 चा केंद्राचा आणि 1960 चा महाराष्ट्राचा कायदा प्राचीन स्मारकं, पुरातत्त्वीय स्थळं आणि अवशेष यांचा विचार करतात. जमिनीत अवशेष असल्याचं मानायला वाजवी कारण असेल तर ‘स्थळ’ म्हणून मागणी करता येते, पण त्यासाठी पुरावा भक्कम लागतो आणि वेळ फार जातो. म्हणून गावापासून सुरुवात करा. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. ठरावाचा मसुदा आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या. भाषा साधी ठेवा, उदाहरणार्थ :

“मौजे ——, ता. ——, जि. —— येथील गट नं. —— ते —— व नदीकाठचा भाग ही —— रोजीच्या लढाईची ऐतिहासिक जागा आहे. येथे शेती पूर्ववत चालू राहील. या गटांतून मुरूम, माती, वाळू यांचा उपसा अगर नैसर्गिक नाल्याचा प्रवाह बदलणारे काम करण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घ्यावे. सोबत जोडलेली नोंद ग्रामपंचायत दप्तरी ठेवावी, असे सर्वानुमते ठरले.”

याची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी कार्यालयातली गौण खनिज शाखा आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं विभागीय कार्यालय यांना द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. रस्ता, कालवा किंवा विकास आराखडा यांची जाहीर सूचना निघाली की हरकतीची मुदत ठरलेली असते. त्या मुदतीत हा ठराव आणि तुमचे आठ दिशांचे फोटो जोडून लेखी हरकत द्या. मोर्चा नंतरही काढता येतो, मुदत परत येत नाही.

आठवी पायरी : फलक, आणि स्मारकाचा मोह

निधी मिळाला की गावाला कमान, चौथरा आणि पेव्हर ब्लॉक हवे असतात. भावना खरी आहे, तिचा मान ठेवा. फक्त ते बांधकाम मैदानाच्या मधोमध होऊ देऊ नका. गावाच्या तोंडाशी, रस्त्यालगत, नजरेच्या आड येणार नाही अशी जागा सुचवा. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी 2 फेब्रुवारी 1661 रोजी कारतलबखानाला कोंडलं. चावणी गावाजवळ त्याचं स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात. पण शेजारची अरुंद वाट आणि दाट झाडी राहिली तरच तिथे आलेल्या मुलाला कळेल की एवढी मोठी फौज अशी अडकली कशी.

फलकावर दोन्ही बाजूंची नावं, तारीख, एक साधा नकाशा आणि “तुम्ही इथे उभे आहात” ही खूण असू द्या. जातीचा, धर्माचा, आजच्या पुढाऱ्यांचा उल्लेख नको. शत्रूचं शौर्य मानायची रीत आपल्याकडे जुनी आहे. कार्ल्याजवळ 1779 मध्ये पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनीच ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं आणि त्याची आठवण वडगावात आजही आहे. शिंद्यांच्या गोलंदाजांनी असईत तोफा सोडल्या नाहीत, मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे गेल्यावर तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. त्यांची नावं फलकावर लिहिता येत नाहीत, पण त्यांचं काम लिहिता येतं, आणि ते लिहिलंच पाहिजे.

शेवटी : नोंद तीन ठिकाणी ठेवा

वह्या, नकाशे, फोटो, आजोबांची ध्वनिमुद्रणं हे एकाच्या लॅपटॉपमध्ये असून चालत नाही. एक संच गावच्या शाळेत कागदावर, एक तालुक्याच्या वाचनालयात किंवा जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात, एक पेनड्राइव्हवर दुसऱ्या गावातल्या सोबत्याकडे. फाइलला नाव देताना गाव, गट नंबर आणि तारीख घाला, म्हणजे तुम्हाला न विचारता दुसऱ्याला सापडेल. दरवर्षी मे महिन्यात शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन ठाण्यांचे फोटो पुन्हा काढा. कॅमेरा त्यांच्या हातात द्या आणि वहीत नोंदही त्यांनाच लिहू द्या.